नापास विद्यार्थ्याने उभारलेली शाळा



स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा शाळेतल्या हुशार मुलांविषयी लिहावे असे आधी वाटले होते. मग मागचे बाक आठवले. घंटेकडे कान लावून बसणारे, वही कोरी ठेवणारे, छडीलाही न बधणारे आपल्या वर्गात काही कमी नव्हते. पुढे मी शिक्षक झालो आणि तीच मुले दरवर्षी नव्या चेहऱ्यांनी माझ्यासमोर येऊन बसू लागली. त्यांना अभ्यासाची गोडी लावताना मी अनेकदा हरलो. अशा वेळी ज्यांच्या चरित्राने मला आधार दिला, ते कर्मवीर भाऊराव पाटील स्वतः मागच्या बाकावरचेच म्हणायला हवेत.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूरजवळच्या कुंभोज या गावी झाला. वडील सरकारी नोकरीत असल्याने त्यांची बदली होत असे. त्यामुळे मुलाचे शिक्षण दहिवडी, विटा असे गावोगावी होत गेले. अंगापिंडाने धिप्पाड असलेल्या या मुलाचा ओढा पुस्तकापेक्षा तालमीकडे आणि पोहण्याकडे अधिक होता. मात्र अन्याय त्याला सहन होत नसे. अस्पृश्यांना विहिरीवर पाणी भरू देत नाहीत हे पाहून त्याने रहाटच मोडून टाकल्याची हकिकत सांगितली जाते.

पुढे कोल्हापुरात राजाराम हायस्कूलमध्ये नाव घातले आणि जैन बोर्डिंगमध्ये राहण्याची सोय झाली. तेथील शिस्तीशी त्यांचे जमले नाही. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभाला जाऊन आल्यावर त्यांनी आंघोळ करण्यास नकार दिला आणि बोर्डिंग सुटले. अभ्यासाचीही तीच गत होती. शाहू महाराजांनी त्यांना वर चढवण्याविषयी गणिताच्या मास्तरांकडे शब्द टाकला, तेव्हा एक वेळ भाऊराव बसतो तो बाक पास करीन, पण भाऊरावाला करणार नाही, अशा अर्थाचे उत्तर मास्तरांनी दिले, अशी आख्यायिका आहे. इंग्रजी सहावीच्या आसपास त्यांचे शालेय शिक्षण थांबले ते कायमचेच.

शाळेच्या हिशेबाने गोष्ट इथेच संपायला हवी होती. पण पोटापाण्यासाठी साताऱ्यात आल्यावर हाच नापास विद्यार्थी मुलांच्या शिकवण्या घेऊ लागला आणि पाटील मास्तर म्हणून ओळखला जाऊ लागला. शिकवायचे तर आधी आपल्याला यायला हवे. वर्गात जे झाले नाही ते ही गरज अंगावर पडल्यावर झाले. त्यांच्या पुढच्या सगळ्या कामाचे बीज मला इथे दिसते.

त्यानंतर ओगल्यांचे कंदील आणि किर्लोस्करांचे नांगर विकण्याच्या निमित्ताने ते खेडोपाडी हिंडले. शेतकऱ्यांची आणि अस्पृश्यांची मुले शाळेवाचून कशी वाढतात, हे त्यांनी जवळून पाहिले. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये तिचे कार्यालय साताऱ्याला आणून तेथे वसतिगृह सुरू केले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहाचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले.

या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एका पंगतीला जेवत. स्वयंपाक, झाडलोट, पाणी, लाकूडफाटा ही कामे मुलेच करीत. शेतात राबत, खडकाळ जमीन फोडून लागवडीखाली आणत. घरून शेतीची सवय असलेली ही मुले वर्गात बुजत, पण हातात कुदळ आली की ताठ उभी राहत. अण्णांनी हा ताठपणा ओळखला. आपण कोणाच्या धर्मादायावर शिकत नाही, आपल्या घामावर शिकतो, हे मुलाला पटले की त्याला अभ्यासाला बस म्हणून सांगावे लागत नाही. घाम गाळून मिळवलेला तास तो फुकट घालवत नाही.

या प्रयोगाची किंमत घरानेही मोजली. एकदा अण्णा बाहेरगावी असताना वसतिगृहातले धान्य संपले. इतर दागिने आधीच गेले होते. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी गळ्यातले मंगळसूत्र दिले आणि मुलांच्या भाकरीची सोय केली. १९३० मध्ये त्या गेल्या. अण्णांचे काम थांबले नाही.

१९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले आणि कमवा व शिका ही योजना तेथे पूर्ण रूपाला आली. १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले. शाहू बोर्डिंगमध्ये वाढलेले पी. जी. पाटील बॅरिस्टर होऊन संस्थेत परतले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९५९ मध्ये पुणे विद्यापीठाने अण्णांना सन्माननीय डी. लिट. दिली. सहावीच्या पुढे न गेलेल्या माणसाच्या संस्थेची तोवर १०० हून अधिक हायस्कुले झाली होती. त्याच वर्षी, ९ मे रोजी अण्णांचे निधन झाले.

मित्रहो, आज अण्णांच्या काळासारखी भाकरीची चिंता बहुतेक घरांत नाही, आणि मुलांकडून तशी मजुरी करून घ्यावी असे मी म्हणणार नाही. पण त्यांचे मर्म शिळे झालेले नाही. मुलाला जबाबदारीचे धडे द्यायचे आणि जबाबदारी मात्र एकही द्यायची नाही, ही चूक मी स्वतः अनेक वर्षे केली. फळा पुसणे, हजेरी घेणे, बागेला पाणी घालणे ही कामेही मी नेहमी पहिल्या पाचातल्या मुलांनाच देत आलो. ज्याच्या वहीत काही नाही, त्याच्या हातातही मी काही दिले नाही. मग तो पेटून उठत नाही म्हणून त्यालाच बोल लावला.

या मेळाव्याच्या निमित्ताने आपण वर्गणी काढून शाळेला पुस्तकांचे कपाट देत आहोत. माझी गुरुजनांना एक विनंती आहे. त्या कपाटाची किल्ली शिक्षकांच्या खोलीत खिळ्याला टांगू नका. ती मुलांकडे द्या. पुस्तके देणे-घेणे, नोंद ठेवणे, फाटलेली चिकटवणे, नवी कोणती आणायची ते ठरवणे, सगळे त्यांनाच करू द्या. आणि पहिल्या वर्षी ती किल्ली पहिल्या नंबराच्या मुलाला नको. मागच्या बाकावर, घंटेकडे कान लावून जो बसला असेल, त्याला द्या. एखाद-दुसरे पुस्तक हरवेल. ते भरून द्यायला आपण आहोतच.