नाण्यांचे मोल जाणणारे गोमंतकीय : डॉ. जेर्सन द कुन्हा

डिचोली तालुक्यातील नार्वे हे गाव श्रीसप्तकोटेश्वराचे म्हणून सर्वांस ठाऊक आहे. गोव्याच्या कदंब राजांचे हे आराध्यदैवत. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८ साली येथील देवालयाचा जीर्णोद्धार केला. कदंबांच्या सुवर्णनाण्यांवर सिंहाची आकृती आणि सप्तकोटेश्वराच्या वरप्रसादाचा उल्लेख आढळतो. असे नाणे सराफाच्या तराजूत घातले, तर जेवढे वजन तेवढेच मोल. त्यावरील अक्षरे वाचली, की तेच नाणे एका राजवंशाचा पुरावा ठरते. गोमंतकातील पोर्तुगीज अमदानीच्या नाण्यांना अशी दृष्टी ज्यांनी लावली, ते डॉ. जुझे जेर्सन द कुन्हा होत.

बार्देशातील हडफडे येथे १८४४ साली त्यांचा जन्म झाला. मुंबईत व पुढे विलायतेत वैद्यकाचे शिक्षण घेऊन त्यांनी मुंबईस व्यवसाय मांडला. परंतु मन रमले ते इतिहासात. चौल व वसईच्या इतिहासावर त्यांनी १८७६ साली ग्रंथ लिहिला आणि पुढील वर्षी सह्याद्रिखंडाची संस्कृत संहिता संपादून प्रसिद्ध केली.

इंडो-पोर्तुगीज नाण्यांवरील त्यांचा प्रबंध १८८० ते १८८३ या काळात भागशः निघाला. १५१० साली आल्बुकर्कने गोवा जिंकून पाडलेल्या नाण्यांपासून त्याचा आरंभ होतो. बझारुक, तांगा, शेराफिन ही नावे जुन्या कागदपत्रांत होती. त्यांचा आणि प्रत्यक्ष नाण्यांचा मेळ घालणे हे खरे कष्टाचे काम. धातू, वजन, टांकसाळ, राजचिन्ह, झीज आणि दुर्मिळता या साऱ्यांचा विचार केल्यावाचून जुन्या नाण्याचे मोल ठरत नाही.

हे कार्य वेळीच झाले. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानंतर गोव्यासाठी नवी नाणी कलकत्त्याच्या टांकसाळीत पडू लागली. चलनातून गेलेल्या नाण्यास मूस जवळची आणि अभ्यासक दूरचा. द कुन्हांनी हजारो नाणी जमविली आणि आपल्या संग्रहाची सूचीही छापविली. संग्रह विखुरतात, सूची मात्र पुढील पिढ्यांस तुलनेचे साधन म्हणून उरते.

मुंबईच्या उत्पत्तीवरील त्यांचा ग्रंथ १९०० साली प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. आपल्या वाचकांपैकी कोणाच्या घरी वाडवडिलांचे एखादे नाणे असेल, तर ते घासू नये, मोडीतही घालू नये. आधी त्यावरील अक्षरे वाचवून घ्यावीत. द कुन्हांचे ऋण फेडण्याचा हाच योग्य मार्ग होय.