वादळाची वाट ओळखणारे हवानाचे फादर विन्येस

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आदळलं. रायगड-रत्नागिरीतल्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांवरचे पत्रे उडाले. पण वादळ येतंय हे आधी माहीत होतं. होड्या किनाऱ्याला लागल्या होत्या, हजारो माणसं सुरक्षित जागी हलवली होती.

समुद्रात शेकडो किलोमीटर लांब असलेलं वादळ कुठं जाणार, हे आधी कसं कळतं? हा प्रश्न दीडशे वर्षांपूर्वी एका फादरनं हातात घेतला. तेव्हा ना उपग्रह होता, ना रडार. त्यांचं नाव फादर बेनितो विन्येस.

स्पेनमधून क्युबात

विन्येस यांचा जन्म १८३७ साली स्पेनच्या कॅटालोनिया भागातल्या पोबोलेदा नावाच्या छोट्या डोंगरी गावात झाला. तरुणपणीच ते जेझुइट संघात गेले. विज्ञान आणि गणित हे त्यांचे आवडते विषय. १८६८ साली स्पेनमध्ये राज्यक्रांती झाली आणि जेझुइटांना देश सोडावा लागला. विन्येसही बाहेर पडले. १८७० मध्ये ते क्युबाची राजधानी हवाना इथं पोहोचले. क्युबा तेव्हा स्पेनच्याच ताब्यात होतं.

हवानात जेझुइटांचं बेलेन नावाचं महाविद्यालय होतं आणि तिथं एक छोटी वेधशाळा होती. ती विन्येस यांच्याकडं आली. त्याच वर्षी ऑक्टोबरात मोठं चक्रीवादळ क्युबावर आलं. तिकडं चक्रीवादळाला हरिकेन म्हणतात. मातान्सास शहरात पुराचं पाणी घुसलं आणि शेकडो माणसं गेली. कुणालाच काही सूचना मिळालेली नव्हती. कारण सूचना द्यायची म्हणजे काय करायचं, हेच तिथं कुणाला माहीत नव्हतं.

रोजची नोंदवही

विन्येस यांनी सुरुवात केली ती नोंदींपासून. हवेचा दाब किती, वारा कुठून, ढग कुठल्या दिशेनं चाललेत, हे दिवसातून अनेक वेळा लिहायचं. सुट्टी नाही, खाडा नाही. जुन्या नोंदी आणि वर्तमानपत्रांतल्या बातम्याही त्यांनी चाळल्या.

त्यांची खास नजर ढगांवर होती. खालचे ढग वादळाच्या मध्याभोवती गोल फिरत आत ओढले जातात. सगळ्यात वरचे, कापसाच्या तंतूसारखे पांढरे ढग मात्र वादळापासून बाहेर फाकतात. ते ढग क्षितिजावर ज्या जागेतून फुटल्यासारखे दिसतात, त्या बाजूला लांबवर वादळ आहे, असं त्यांनी ताडलं. दाब उतरायच्या आधीच आकाश खबर देत होतं.

११ सप्टेंबर १८७५ रोजी त्यांनी हवानाच्या वर्तमानपत्रांत वादळाचा इशारा छापून आणला. दोन दिवसांनी वादळ क्युबाच्या दक्षिण किनाऱ्यावर आलं. पुढं तेच वादळ अमेरिकेतल्या टेक्सासमधल्या इंडियानोला या बंदरावर आदळलं आणि ते गाव जवळजवळ धुऊन गेलं.

पुढच्या वर्षीही त्यांनी इशारा दिला आणि तोही खरा ठरला. मग ते नुसते वेधशाळेत बसून राहिले नाहीत. पोर्तो रिको आणि क्युबात वादळ जिथून गेलं त्या भागात स्वतः फिरले. झाडं कुठल्या दिशेला पडली, भिंती कशा कोसळल्या, वारा कधी फिरला, हे लोकांना विचारून टिपून घेतलं. त्यावर १८७७ साली पुस्तक लिहिलं. हळूहळू आसपासच्या बेटांवर निरीक्षक नेमून तारेनं हवानाला खबर येईल अशी सोयही केली. जहाजांचे कप्तान बंदर सोडण्याआधी बेलेनचा अंदाज विचारू लागले. लोक त्यांना हरिकेनचे फादर म्हणूनच ओळखू लागले.

महिन्यागणिक वळण वेगळं

पण त्यांचं सगळ्यात मोठं काम पुढचं आहे. अटलांटिकमधली वादळं आधी पूर्वेकडून पश्चिमेला जातात, मग उत्तरेला वळतात आणि शेवटी ईशान्येला निघून जातात. हे वळण कुठं पडतं, यावर कुठला गाव वाचणार आणि कुठला बुडणार हे ठरतं.

विन्येस यांनी जुन्या वादळांच्या वाटा महिन्यांप्रमाणे मांडल्या. त्यांना दिसलं की वळणाची जागा ऋतूप्रमाणे सरकते. जून आणि ऑक्टोबरमध्ये वादळं साधारण २० ते २३ अंश अक्षांशावर वळतात, म्हणजे आपल्या नाशिक ते उज्जैनच्या पट्ट्यात. जुलै आणि सप्टेंबरमध्ये २७ ते २९ अंशांवर, म्हणजे दिल्लीच्या आसपास. ऑगस्टमध्ये तर ३० ते ३३ अंशांवर, चंदीगड-जम्मूच्या सरळ रेषेत. हवाना २३ अंशांवर आहे. त्यामुळं त्या शहराला ऑक्टोबरची धास्ती जास्त का, हे यातून उमगलं.

असं का होतं? ओढ्यातला भोवरा आठवा. भोवरा स्वतःभोवती गरगर फिरतो, पण पुढं जातो तो ओढ्याच्या धारेबरोबर. वाटेत मोठा खडक आला तर धार त्याला वळसा घालते, आणि भोवराही. वादळाचं तसंच आहे. त्याला ढकलणारी धार म्हणजे आजूबाजूचे वारे. आणि खडक म्हणजे अटलांटिकवर असलेलं जास्त दाबाच्या हवेचं प्रचंड क्षेत्र. त्याच्याभोवती वारा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो. त्याच्या दक्षिणेला वारा पश्चिमेकडं वाहतो, म्हणून वादळही पश्चिमेला जातं. जिथं हे क्षेत्र संपतं, तिथं कडेनं वादळ उत्तरेला वळतं.

ऐन उन्हाळ्यात हे क्षेत्र पसरतं आणि उत्तरेकडं सरकतं, मग वादळालाही लांबून वळावं लागतं. ऑक्टोबरात ते आक्रसतं आणि दक्षिणेला उतरतं, मग वळण अलीकडं पडतं. विन्येस यांच्याकडं आकाशात उंचावरचे वारे मोजायची साधनं नव्हती. तरी वळणाचं हे वेळापत्रक त्यांनी नोंदवहीतून काढलं.

१८९३ साली शिकागोत भरणाऱ्या हवामान परिषदेसाठी त्यांनी आपला शेवटचा निबंध लिहिला. तब्येत खालावली होती. निबंध पुरा झाला आणि २३ जुलै १८९३ रोजी हवानात त्यांचं निधन झालं. वय अवघं ५५.

न ऐकल्याची किंमत

फादर गेले, पण बेलेनची वेधशाळा चालू राहिली. फादर गांगोइते यांनी काम पुढं नेलं. १८९८ च्या युद्धानंतर क्युबा अमेरिकेच्या ताब्यात आलं. अमेरिकन हवामान खात्याला स्थानिक लोकांचे अंदाज नको होते. १९०० साली वादळाच्या ऐन हंगामात क्युबातून हवामानाच्या खबरी तारेनं पाठवण्यावर बंदी आली.

सप्टेंबरच्या सुरुवातीला एक वादळ क्युबावरून पुढं सरकलं. अमेरिकन खात्याला वाटलं, आता नेहमीप्रमाणे ते फ्लोरिडाजवळ उत्तरेला वळेल आणि अटलांटिकच्या किनाऱ्यानं जाईल. बेलेनच्या लोकांचं मत वेगळं होतं. त्यांच्या मते ते टेक्सासकडं जात होतं. त्या दिवसांत उत्तरेला जास्त दाबाची हवा भिंतीसारखी पसरली होती, म्हणून वादळाला वळायला वाटच मिळाली नाही. ८ सप्टेंबरला ते टेक्सासच्या गॅल्व्हेस्टन शहरावर आलं. समुद्र शहरात शिरला. साधारण ८ हजार माणसं मेली. अमेरिकेच्या इतिहासात नैसर्गिक आपत्तीत एवढे बळी त्याआधी गेले नव्हते, नंतरही गेले नाहीत.

यातली गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. महिन्याचा ठोकताळा सरासरी सांगतो. आजचं वादळ कुठं जाईल, हे आजचा दाब आणि आजचे वारे ठरवतात. विन्येस यांनी वेळापत्रक बनवलं, पण रोज आकाश बघणं कधी सोडलं नाही.

आपल्या समुद्रातली वादळंही अशाच जास्त दाबाच्या हवेच्या कडेनं वाट काढतात. ती हवा थोडी सरकली की वाट बदलते. म्हणून तर मोबाइलवर येणाऱ्या नकाशात वादळाची वाट पुढं पुढं रुंद होत गेलेली दिसते, आणि दर काही तासांनी नवा अंदाज येतो. गेल्या वेळी वादळ बाजूनं गेलं, म्हणून याही वेळी जाईल, असं धरून बसू नका. कालचा नकाशा पुढं पाठवण्याआधी आजचा बघा, आणि होडी आत घ्यायला सांगितलं की आत घ्या.