कागदी नटांचा सूत्रधार : ओसामू तेझुका

जपानी लोक चित्रकथेला ‘मांगा’ म्हणतात, हे आता आपल्या महाविद्यालयात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. २०२३ साली ‘वन पीस’ ही मांगा हाडामांसाचे नट घेऊन नेटफ्लिक्सवर आली, तेव्हा कँटीनमध्ये त्यावरून चांगलीच जुंपली होती. कागदावरचे पात्र माणसाच्या अंगावर चढवता येते का, हा त्या वादाचा मुद्दा. या प्रश्नाशी ज्यांची अर्धी हयात गाठ पडत राहिली, त्या ओसामू तेझुका यांची ही ओळख. जपानात त्यांना मांगाचे दैवत मानतात. पण दैवत म्हटले की माणूस दिसेनासा होतो. म्हणून ते बिरुद इथे बाजूला ठेवलेले बरे.

तेझुकांचा जन्म ३ नोव्हेंबर १९२८ रोजी ओसाकाजवळच्या तोयोनाका येथे झाला. बालपण गेले ताकाराझुका या गावी. हे गाव तिथल्या संगीत नाटकमंडळीसाठी प्रसिद्ध आहे. या मंडळीत सर्व भूमिका स्त्रियाच करतात, पुरुषांच्यासुद्धा. आपल्याकडे बालगंधर्वांनी स्त्रिया रंगवल्या, तिथे नेमके उलटे! आई ओसामूला या नाटकांना घेऊन जाई. वडिलांनी घरी एक छोटे प्रक्षेपणयंत्र आणले होते, त्यावर चॅप्लिनचे आणि डिस्नेचे चित्रपट दाखवले जात. ओसामू किडकिडीत, चष्मा लावणारा, कुरळ्या केसांचा मुलगा. शाळेत त्याची टिंगल होई. मग तो किडे गोळा करी आणि चित्रे काढी. ‘ओसामुशी’ नावाच्या भुंग्याशी आपले नाव जुळते हे लक्षात आल्यावर त्याने आपल्या नावात किड्याचे अक्षर जोडून टाकले. ते टोपणनाव जन्मभर टिकले.

युद्धाने हे बालपण संपवले. १९४४ साली अशक्त मुलांच्या सक्तीच्या शिबिरात हातांना त्वचारोग झाला आणि तो इतका चिघळला की हात कापावे लागण्याची वेळ आली. एका डॉक्टरने ते हात वाचवले. पुढे डॉक्टर होण्याचे त्याने ठरवले त्यामागे हे कारण होते. जून १९४५ मध्ये ओसाकावर अग्निबाँब पडले तेव्हा तो कारखान्याच्या टेहळणी मनोऱ्यावर होता. खाली उतरून त्याने जे पाहिले, ते पुढे त्याच्या चित्रकथांतून वारंवार येत राहिले. मुलांसाठी लिहिणारा हा लेखक मृत्यूला कधी लपवत नाही. त्याची पात्रे मरतात आणि मेलेली परत येत नाहीत.

युद्ध संपले, आणि वैद्यकीचा हा विद्यार्थी १९४६ साली वृत्तपत्रात चार चौकटींची हास्यचित्रे काढू लागला. १९४७ मध्ये ‘नवे रत्नद्वीप’ हे पुस्तक आले. त्याच्या आरंभी काय आहे? एक मुलगा मोटार हाकीत बंदराकडे चालला आहे, एवढेच. पण ती मोटार आधी दूर दिसते, मग जवळ येते, मग चेहरा भरून दिसतो, आणि हे पानामागून पान चालते. पूर्वीच्या चित्रकथेत पात्रे रंगमंचावर उभी असल्यासारखी समोर उभी राहून बोलत. तेझुकांनी वाचकाच्या डोळ्यालाच कॅमेरा केले. चित्रपट काढायला पैसा नव्हता, म्हणून त्यांनी तो कागदावर काढला असे म्हटले तरी चालेल. पुस्तकाच्या सुमारे चार लाख प्रती खपल्या असे सांगतात.

यापेक्षाही गमतीची गोष्ट पुढेच आहे. तेझुका आपल्या पात्रांना नट समजत. मिशाळ म्हातारा, देखणा रॉक, डोक्यामागे मेणबत्ती पेटणारा लँप ही मंडळी एका कथेत गुप्तहेर, दुसरीत खलनायक, तिसरीत शिक्षक होऊन येत. तरुणपणी त्यांनी एका वहीत या नटांचे मानधनसुद्धा लिहून ठेवले होते. एखाद्या नाटक कंपनीच्या मालकानेही एवढी व्यवस्था ठेवली नसेल. म्हणजे पात्र आणि नट यांत जे अंतर असते तेही त्यांनी कागदावरच निर्माण करून ठेवले होते. बाहेरचा जिवंत नट आणला, तर त्याने उभे राहायचे कुठे?

डॉक्टर व्हावे की चित्रकार, असा पेच पडला तेव्हा आईने जे मनापासून आवडते ते कर असे सांगितले. तेझुकांनी १९५२ साली वैद्यकाची परीक्षा उत्तीर्ण केली, १९६१ मध्ये गोगलगाईच्या शुक्रपेशींवरील संशोधनासाठी डॉक्टरेटही मिळवली, पण दवाखाना कधी थाटला नाही. १९५२ मध्येच ‘बलाढ्य आतोम’ सुरू झाली. आपण त्याला ‘ॲस्ट्रो बॉय’ म्हणून ओळखतो. अपघातात मेलेल्या मुलाच्या जागी शास्त्रज्ञ बापाने यंत्रमानव घडवला. तो वाढत नाही म्हणून बापानेच त्याला सर्कशीला विकले. लहान मुलांच्या मासिकात अशी कथा!

१९५९ साली या आतोमवर दूरचित्रवाणी मालिका निघाली. नट खरे, आतोम झालेला मुलगा खरा, अंगावर चिलखतासारखा पोशाख. ६५ भाग झाले, मुलांनी पाहिलेही. तेझुकांना मात्र ती रुचली नाही. आतोमच्या डोक्यावर केसांची दोन टोके आहेत. त्याला समोरून पाहा, बाजूने पाहा, दोन्ही टोके दिसतातच. मिकी माऊसच्या कानांचेही असेच आहे. हे रेषेला शक्य आहे, टोपाला नाही. मुलाने मान वळवली की एक टोक दुसऱ्यामागे लपणार, आणि आतोम नाहीसा होऊन वेष केलेला मुलगा उरणार. मला वाटते, अशा रूपांतरांचे सगळे दुखणे त्या दोन टोकांत आहे.

मग तेझुकांनी स्वतःच कार्टूनपटाची संस्था काढली, मुशी प्रॉडक्शन. १ जानेवारी १९६३ पासून आतोमची कार्टून मालिका सुरू झाली आणि १९६६ अखेरपर्यंत १९३ भाग झाले. दर आठवड्याला अर्धा तास चित्रे हलवायची म्हणजे वेडेपणाच होता. त्यांनी चित्रे कमी केली, नुसते ओठ हलवले, जुनी चित्रे पुन्हा वापरली. वाहिनीला मालिका खर्चापेक्षा कमी दरात दिली आणि तूट मांगाच्या कमाईतून भरली. त्या स्वस्त दराची झळ जपानमधल्या कार्टून कारागिरांना पुढे कित्येक वर्षे बसली, असा आक्षेप घेतला जातो. तो मला रास्त वाटतो. १९७३ साली मुशी प्रॉडक्शनचे दिवाळे निघाले. संचालकपद त्यांनी आधीच सोडले होते, तरी कर्जाचा भार त्यांच्यावर आलाच.

दरम्यान जिवंत नटांचे प्रयोग थांबले नव्हते. १९६६ मध्ये ‘मॅग्मा’ हा सोनेरी राक्षस रंगीत मालिकेत अवतरला. १९६८ च्या ‘व्हँपायर’मध्ये माणसाचा लांडगा होतो, माणूस खरा, लांडगा रेखाटलेला. त्यात तेझुका स्वतः तेझुका म्हणून वावरले. नवल असे की त्यांच्यापासूनच स्फूर्ती घेतलेल्या शोतारो इशिनोमोरी यांनी १९७१ साली ‘कामेन रायडर’ ही मालिका दिली आणि ती तुफान चालली. कारण उघड आहे. रायडरचा मुखवटा हा मुखवटाच आहे, माणसाने घालावा म्हणून काढलेला. आतोमचा चेहरा मुखवटा नव्हता.

१९७३ मध्ये तेझुका संपले असेच लोक धरून चालले होते. एका साप्ताहिकाने थोड्या अंकांपुरती जागा दिली, आणि त्यांनी ‘ब्लॅक जॅक’ लिहिली. परवाना नसलेला, शिवलेल्या चेहऱ्याचा, अव्वाच्या सव्वा फी मागणारा शल्यविशारद. ती दहा वर्षे चालली. कापावे लागणार होते ते हात इथे कामाला आले. १९७७ साली ओबायाशी यांनी तिच्यातील एका कथेवर चित्रपट काढला. पुढच्याच वर्षी ‘अग्निपक्षी’वर कोन इचिकावा यांचा भव्य चित्रपट आला. इचिकावा स्वतः तरुणपणी कार्टून विभागात काम केलेले, डिस्नेचे भक्त, पटकथा तानिकावा या कवीची, नटसंच मोठा. मध्येच तेझुकांचे रेखाटलेले लांडगे येऊन नाचतात, आणि प्रेक्षक गोंधळतो. चित्रपटाची वाखाणणी झाली नाही. तेझुकांनी १९८० मध्ये ‘अग्निपक्षी’ पुन्हा केला, या वेळी संपूर्ण रेखाचित्रांत.

१९७२ ते १९८३ या काळात त्यांनी ‘बुद्ध’ लिहिली. कपिलवस्तूची ती कथा इंग्रजीत आपल्याकडेही मिळते. मित्रांनी जरूर वाचावी. ९ फेब्रुवारी १९८९ रोजी पोटाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले, साठाव्या वर्षी. रुग्णशय्येवरही ते कागद-पेन्सिल मागत होते. मागे सुमारे दीड लाख पाने उरली, आणि ‘अग्निपक्षी’ अपुरी राहिली.

त्यांच्या कथांवर चित्रपट निघतच राहिले. २००७ साली ‘दोरोरो’, २००९ साली ‘एम डब्ल्यू’. २०१९ मध्ये महोत्सवात दाखवलेला ‘बार्बारा’ त्यांचा मुलगा माकोतो याने दिग्दर्शित केला. एक लेखक आणि त्याला रस्त्यावर सापडलेली मद्यपी मुलगी यांची ती गोष्ट. त्यात कुणाच्या डोक्यावर टोके नाहीत, कुणाचे डोळे बशीएवढे नाहीत. वडील ती कथा लिहीत होते, त्या वर्षी त्यांचे दिवाळे निघाले होते, आणि मुलगा बारा वर्षांचा होता.