कान फुटणे किरकोळ नाही : सर विल्यम वाइल्ड यांचे कार्य

कानामागे छेद घेऊन शस्त्रक्रिया करण्याची पद्धत रूढ करणाऱ्यांमध्ये सर विल्यम वाइल्ड यांचे नाव अग्रभागी आहे. प्रसिद्ध नाटककार ऑस्कर वाइल्ड यांचे ते वडील. आयर्लंडमधील रॉसकॉमन परगण्यात 1815 साली एका डॉक्टरच्या घरी त्यांचा जन्म झाला. डब्लिनमध्ये ते शल्यचिकित्सा शिकले आणि 1844 मध्ये तेथेच डोळे व कान यांच्या विकारांसाठी त्यांनी सेंट मार्क्स रुग्णालय सुरू केले. गरिबांवर तेथे उपचार होत.

त्या काळी कानाचे दुखणे बहुधा भोंदूंच्या हाती असे. वाहता कान बंद केला तर रोग आत शिरतो, असाही समज होता. वाइल्ड यांनी रुग्णांच्या बारकाईने नोंदी ठेवल्या आणि 1853 मध्ये कानाच्या शस्त्रक्रियेवर ग्रंथ लिहिला. कान वाहतो आहे तोवर हा रोग कुठवर जाईल हे कोणीच सांगू शकत नाही, असे त्यांनी बजावले. कानामागच्या हाडात पू साचला, तर तेथे हाडापर्यंत छेद घेऊन तो काढावा, हा त्यांचा उपाय. प्रतिजैविके नसलेल्या काळात या छेदाने अनेकांचा जीव वाचला. 1851 च्या आयरिश जनगणनेत मूकबधिरांची माहितीही त्यांनी गोळा करवली. 1864 मध्ये ते ‘सर’ झाले आणि 1876 मध्ये वारले.

पुढे त्यांच्याच मुलाचा कान वाहू लागला. तुरुंगात असताना ऑस्कर यांना उजव्या कानाने ऐकू येईनासे झाले. ऑक्टोबर 1900 मध्ये पॅरिसच्या हॉटेलातील खोलीत त्यांच्या कानावर शस्त्रक्रिया झाली. 30 नोव्हेंबरला, वयाच्या 46 व्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला. निदानाबाबत मतभेद आहेत. पण कानातला संसर्ग मेंदूपर्यंत पोहोचला, असे अनेक कानतज्ज्ञ मानतात.

वाइल्ड यांचा इशारा आज कॉक्लिअर इम्प्लांटच्या रुग्णांना विशेष लागू पडतो. या यंत्राची तार कानामागच्या हाडातून, मध्यकर्ण ओलांडून अंतर्कर्णात जाते. मध्यकर्णात पू असेल, तर जंतू त्याच वाटेने आत आणि पुढे मेंदूच्या आवरणापर्यंत जाऊ शकतात. म्हणून आधी कान कोरडा करावा लागतो. पडद्याला साधे छिद्र असेल तर ते बुजवून, काही महिन्यांनी इम्प्लांट बसवता येते. हाड कुरतडणारा रोग असेल तर तो मुळापासून काढतात, कानाची बाहेरची वाट शिवून बंद करतात आणि पोकळी पोटावरच्या चरबीने भरतात. इम्प्लांट त्याच वेळी किंवा काही महिन्यांनी बसवतात. यामुळे बाहेरून कान दिसतो तसाच राहतो. ऐकण्याचे काम यंत्र करते. आत रोग पुन्हा वाढत नाही ना, हे पाहण्यासाठी मात्र पुढची काही वर्षे तपासणीला यावेच लागते.

पावसाळ्यात मुलाचा कान फुटला की कोमट तेल घालणे किंवा मोठेपणी आपोआप बरा होईल म्हणून वाट पाहणे, हे दोन्ही टाळावे. नागपुरात मेडिकल आणि मेयो या दोन्ही शासकीय रुग्णालयांत कान-नाक-घसा विभाग आहे. कान वाहत असेल किंवा मूल हाकेला वळून पाहत नसेल, तर त्याला तेथे लवकर दाखवावे. जन्मतः बहिऱ्या मुलासाठी सुरुवातीची वर्षे मोलाची असतात; वाहत्या कानापायी ती वाया जाऊ देऊ नयेत.