स्कुकूझा

दक्षिण आफ्रिकेच्या ईशान्य कोपऱ्यात, मोझांबिकच्या सरहद्दीला लागून, क्रूगर राष्ट्रीय उद्यान पसरलेले आहे. त्याचा विस्तार सुमारे १९ हजार चौरस किलोमीटर आहे. हत्ती, सिंह, जिराफ, झेब्रे तेथे निर्भयपणे संचार करतात. उद्यानाच्या मुख्य ठाण्याला स्कुकूझा म्हणतात. हे मूळचे एका माणसाचे नाव. पण ते त्याच्या आईबापांनी ठेवलेले नव्हते.

त्या माणसाचे खरे नाव जेम्स स्टीव्हन्सन-हॅमिल्टन. त्याचा जन्म १८६७ साली डब्लिन शहरी झाला. घराणे स्कॉटलंडमधील जमीनदारांचे. तरुणपणी तो इंग्रजी घोडदळात शिरला आणि बोअर लोकांशी झालेल्या युद्धाच्या निमित्ताने दक्षिण आफ्रिकेत आला.

त्या काळी ट्रान्सवाल प्रांतातील वन्य पशूंची दैना झाली होती. कातड्यासाठी, हस्तिदंतासाठी आणि निव्वळ हौसेसाठी गोऱ्या शिकाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बंदुका चालविल्या होत्या. त्यात १८९६ साली बुळकांडीची साथ आली आणि गुरांबरोबर रानम्हशींचे व हरणांचे कळपही लयाला गेले. शिकारीवर बंधन घालणारे कायदे पूर्वीपासून होते. पण ते पाळतो कोण? १८९८ साली अध्यक्ष पॉल क्रूगर याने साबी व क्रोकोडाइल या दोन नद्यांमधला मुलूख राखीव म्हणून जाहीर केला. लगेच पुढच्या वर्षी युद्ध पेटले आणि ते अरण्य केवळ कागदावरच राखीव राहिले.

१९०२ साली युद्ध संपले. इंग्रज सरकारने साबीच्या अरण्यासाठी रक्षक नेमला, तो हा ३४ वर्षांचा सैनिक. तेथे धड रस्ते नव्हते. जनावरेही इतकी थोडी उरली होती, की राखावयाचे तरी काय, असा प्रश्न पडावा! परंतु स्टीव्हन्सन-हॅमिल्टनने मनाशी एक गोष्ट पक्की केली. कायदा आहे तर तो सर्वांना सारखा लागला पाहिजे. लवकरच पोलीस दलातील एका बड्या गोऱ्या अधिकाऱ्याने राखीव रानात शिकार केली. रक्षकाने त्याच्यावर खटला भरला आणि त्याला दोषी ठरवून घेतले. साहेबाच्या बंदुकीलाही आता परवाना लागतो, ही वार्ता मुलखात पसरली.

हाताखालची माणसे मोजकीच, पण धीराची होती. हॅरी वोल्हूटर नावाच्या रक्षकाला १९०३ साली एका सिंहाने घोड्यावरून पाडले आणि खांदा जबड्यात धरून फरफटत नेले. वोल्हूटरने डाव्या हाताने कमरेचा सुरा उपसून सिंहाला भोसकले आणि जखमी अंगाने झाडावर चढून प्राण वाचविले. त्याच्याइतकीच जोखीम पत्करून पायी गस्त घालणारे आफ्रिकी शिपाई मात्र इतिहासात बहुधा अनाम राहिले आहेत.

आता त्या नावाची हकीकत. साबीचे अरण्य निर्जन नव्हते. तेथे आफ्रिकी लोकांच्या वस्त्या होत्या; त्यांची शेते होती, गुरे होती, पूर्वजांच्या समाध्या होत्या. फासे लावून व कुत्रे घेऊन ते शिकार करीत, आणि ती त्यांच्या जेवणातली नित्याची गोष्ट होती. नवा कायदा आला आणि वाडवडिलांची ही रीत एका दिवसात गुन्हा ठरली. रक्षकाने नद्यांमधल्या त्या मुलखातील वस्त्या उठविल्या. तेव्हा त्सोंगा लोकांनी त्याला स्कुकूझा म्हणावयास सुरुवात केली. झाडून साफ करणारा, किंवा सगळे उलटेपालटे करून टाकणारा, असा त्याचा अर्थ सांगतात. पुढे अभयारण्य वाढले तेव्हा इतर भागांतील पुष्कळ लोकांना राहू दिले गेले. पण स्वतःच्याच भूमीवर त्यांना खंड भरावा लागे किंवा राबावे लागे. मोझांबिकमधून खाणींत कामाला निघालेले मजूर अरण्यातून परवान्यावाचून जाताना सापडत. त्यांच्यावर अनधिकार प्रवेशाचा गुन्हा लागे आणि काही दिवस तेथेच कष्ट करून त्यांना तो फेडावा लागे. पशूंना अभय मिळाले. ज्यांनी त्याचे मोल दिले त्यांना मात्र कोणी विचारले नव्हते.

गोऱ्या शेतकऱ्यांना मेंढ्यांसाठी तेथील कुरणे हवी होती, खाणवाल्यांना कोळसा हवा होता. सिंह पोसण्यासाठी एवढी जमीन अडवावी, हे त्यांना मुळीच पटत नव्हते. सुरुवातीला स्टीव्हन्सन-हॅमिल्टन स्वतःही सिंहांना गोळ्या घालवीत असे, कारण हरणे वाढावीत अशी त्याची इच्छा होती. वर्षानुवर्षे रानात राहून त्याला कळले, की सिंह हाही त्याच व्यवस्थेचा भाग आहे. आपले मत बदलण्यात त्याने कमीपणा मानला नाही.

अरण्य टिकवावयाचे तर लोकांनी ते पाहिले पाहिजे, हेही त्याने हेरले. १९२३ साली सहलीची आगगाडी साबीच्या रानातून जाऊ लागली आणि वाटेतले ते रान प्रवाशांना भारी आवडले. १९२६ साली संसदेने कायदा करून ह्या प्रदेशाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा दिला. १९२७ साली प्रवाशांच्या मोटारी आत आल्या त्या फक्त तीन! १९३६ साली मुख्य ठाण्याला स्कुकूझा हे नाव मिळाले. त्यात कौतुक किती आणि जुनी सल किती, हे ज्याचे त्याने ठरवावे.

१९४६ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी, तो निवृत्त झाला. १९५७ साली उद्यानाजवळच्या व्हाइट रिव्हर या गावी त्याचे निधन झाले.

वस्त्या उठविणे त्याच्याबरोबर संपले नाही. १९६९ साली उद्यानाच्या उत्तर टोकाला, लुव्हुव्हू आणि लिंपोपो या नद्यांच्या संगमाजवळ राहणाऱ्या मकुलेके लोकांना सरकारने हुसकून लावले. देशातील वर्णद्वेषी राजवट गेल्यावर त्यांनी आपल्या जमिनीवर हक्क सांगितला आणि १९९८ साली ती त्यांना परत मिळाली. तेथे पुन्हा नांगर धरावा की रान राखावे, हा निर्णय आता त्यांच्या हाती होता. त्यांनी रान राखले, आणि येणाऱ्या पाहुण्यांपासून मिळणारे उत्पन्न आपल्या गावांकडे वळविले.