पुरुषांच्या शर्यतीत ७२ नंबर लावून उतरलेली बाई : अल्फोन्सिना स्ट्राडाची गोष्ट

सायकलिंगच्या जगात तीन शर्यती सगळ्यात मोठ्या मानल्या जातात. फ्रान्सची टूर द फ्रान्स, स्पेनची व्हुएल्टा आणि इटलीची जिरो दी इतालिया. तीन-तीन आठवडे चालणाऱ्या या शर्यती पुरुषांच्या. पण १९२४ साली यातल्या एका शर्यतीत पुरुषांच्या रांगेत एक बाई उभी होती. तिच्यानंतर आजपर्यंत दुसरी बाई तिथे उभी राहिलेली नाही.

तिचं नाव अल्फोन्सिना स्ट्राडा.

१६ मार्च १८९१ ला उत्तर इटलीत मोडेनाजवळच्या एका खेड्यात तिचा जन्म झाला. माहेरचं आडनाव मोरीनी. आईवडील दुसऱ्याच्या शेतात राबणारे, घरात पोरांची रांग. ती दहा वर्षांची असताना वडिलांनी एक जुनी, मोडकळीला आलेली सायकल घरी आणली आणि पोरगी त्या सायकलीवरून उतरेचना.

आज आपल्या कोकणात रेडीहून शिरोड्याकडे सायकल मारत निघालेली मुलगी दिसली, तर कुणी मान वळवूनही बघणार नाही. तेव्हाच्या इटलीतल्या खेड्यात मात्र हा तमाशाच होता. लोकांनी तिचं नाव पाडलं, घागऱ्यातला सैतान. ती रविवारी चर्चला जाते म्हणून घरातून निघायची आणि शर्यत गाठायची, असं सांगतात. तेराव्या वर्षी तिने पहिली शर्यत जिंकली आणि बक्षीस म्हणून जिवंत डुक्कर घरी आणलं, अशीही गोष्ट सांगितली जाते.

पुढे ती तुरीनला गेली. त्या शहरात सायकल शर्यतींचं वेड होतं आणि बायकांच्या शर्यतीही व्हायच्या. १९०९ मध्ये तिला थेट रशियातल्या सेंट पीटर्सबर्गला खेळायचं बोलावणं आलं. तिथे झार दुसरा निकोलस याच्याकडून तिला पदक मिळालं. १९११ मध्ये मोंकालिएरी इथे तिने एका तासात ३७.१९२ किलोमीटर अंतर कापलं. बायकांमधली ती तेव्हाची सर्वोत्तम कामगिरी असल्याचं सांगितलं जातं, पण अधिकृत विक्रम म्हणून तिची नोंद झाली नाही. बायकांच्या विक्रमांची अधिकृत वहीच तेव्हा नव्हती.

१९१५ मध्ये तिने लुईजी स्ट्राडा या कारागिराशी लग्न केलं. लग्नात त्याने तिला भेट काय दिली, तर नवी कोरी रेसिंगची सायकल.

नियमातली फट

१९१७ साल. पहिलं महायुद्ध पेटलेलं होतं, बरेच सायकलपटू आघाडीवर गेले होते. अशात इटलीतल्या लोम्बार्डीच्या मोठ्या शर्यतीसाठी अल्फोन्सिनाने नाव दिलं. आयोजक होतं ‘गाझेट्टा देल्लो स्पोर्ट’ हे क्रीडा दैनिक. त्यांनी नियम चाळले. बायकांनी भाग घ्यायचा नाही असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. कुणी बाई येईल असं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं, तर मनाई कशाला लिहितील?

ती उतरली आणि विजेत्याच्या सुमारे दीड तास मागून शेवट गाठला. पुढच्या वर्षी पुन्हा उतरली. या वेळी ती विजेत्यापासून साधारण २३ मिनिटंच मागे होती. दोन्ही वर्षी निम्म्या वाटेत शर्यत सोडून दिलेले पुरुष तिच्या मागे राहिले होते.

१९२४ : आयोजकांची अडचण, तिची संधी

जिरोही याच दैनिकाची. १९२४ मध्ये पैशांवरून वाद झाला आणि मोठ्या संघांनी पाठ फिरवली. जिरार्देंगोसारखे नावाजलेले खेळाडू येणार नव्हते. तारेच नाहीत तर शर्यत बघणार कोण आणि पेपर घेणार कोण? मग आयोजकांनी एकट्यादुकट्या खेळाडूंना दार उघडलं, राहण्या-जेवणाची सोय देऊ केली.

अल्फोन्सिनाने नाव दिलं. खेळाडूंच्या यादीत ते ‘अल्फोन्सिन’ असं छापून आलं. एक अक्षर गळालं आणि नाव बाईचं की पुरुषाचं हेच कळेना. पण सुरुवातीच्या रेषेवर ७२ नंबर लावून आखूड चड्डीतली बाई उभी राहिली, तेव्हा सगळा उलगडा झाला. इटलीतल्या बायकांना तेव्हा मतदानाचाही हक्क नव्हता. तो मिळायला १९४५ उजाडलं.

आयोजकांना खप हवा होता, म्हणून त्यांनी तिला घेतलं. तिलाही पैशांची निकड होती. नवरा मनाच्या आजाराने खचून मनोरुग्णालयात होता आणि घर तिच्या एकटीवर होतं.

शर्यत १२ टप्प्यांची, एकूण ३,६१३ किलोमीटर. बराचसा रस्ता मातीचा आणि खड्ड्यांचा. आजच्यासारखे गिअर नव्हते. चढ लागला की सायकलवरून उतरायचं, मागचं चाक काढून उलटं बसवायचं आणि पुन्हा निघायचं. पंक्चरही ज्याचं त्याने काढायचं.

आठवा टप्पा लाक्विला ते पेरुजा, २९६ किलोमीटरचा. सोप्या भाषेत सांगायचं तर रेडीहून निघून, आंबोली घाट चढून कोल्हापूर गाठायचं आणि त्याच दिवशी सायकलनेच परत यायचं, साधारण एवढं अंतर. त्यात त्या दिवशी पाऊस आणि वारा. ती पडली, सायकलचं हॅण्डल तुटलं. तिथे झाडूच्या दांड्याचा तुकडा बसवून तिने पुढचा रस्ता कापला. पेरुजाला पोचली तेव्हा ठरलेली वेळ टळून गेली होती.

नियमाने ती बाद झाली. पण तोवर रस्त्यारस्त्यावर लोक तिच्यासाठी थांबायला लागले होते. दैनिकाचे संपादक एमिलिओ कोलोंबो यांनी मधला मार्ग काढला. तिने पुढे सायकल चालवावी, खर्च दैनिक देईल, मात्र निकालात तिचं नाव येणार नाही.

तिने ते मान्य केलं. बोलोन्या ते फिउमे हा ४१५ किलोमीटरचा सगळ्यात लांब टप्पा तिने याच अटीवर काढला. फिउमेला लोकांनी तिला उचलून घेतलं. शर्यत सुरू करणारे होते ९०, निकालात उरले ३०. त्यांच्यामागोमाग मिलानला अल्फोन्सिनाही पोचली.

दार पुन्हा बंद

पुढच्या वर्षी तिने परत अर्ज केला. आता तारे परतले होते, आयोजकांना तिची गरज उरली नव्हती. तिला नकार मिळाला. त्यानंतर ती लहानमोठ्या शर्यती खेळली, युरोपभर रंगमंचांवर सायकलचे खेळ करत फिरली. जिरोतून मिळालेला पैसा नवऱ्याच्या औषधपाण्याला लागला.

नवऱ्याच्या मृत्यूनंतर १९५० मध्ये तिने कार्लो मेस्सोरी या जुन्या सायकलपटूशी लग्न केलं. दोघांचं मिलानमध्ये सायकलचं दुकान होतं. तोही गेल्यावर दुकान तिने एकटीने चालवलं. १३ सप्टेंबर १९५९ ला ती मोटारसायकलवरून एक सायकल शर्यत बघायला गेली. परत आल्यावर जड गाडी लावताना तिला हृदयविकाराचा झटका आला आणि ती गेली. वय ६८.

बायकांची पहिली जागतिक रोड सायकल स्पर्धा तिच्या मृत्यूच्या जेमतेम वर्षभर आधी, १९५८ मध्ये झाली. ऑलिंपिकमध्ये बायकांना रस्त्यावरची शर्यत मिळाली १९८४ मध्ये आणि ट्रॅकवरची १९८८ मध्ये. बायकांची स्वतंत्र जिरोही सुरू झाली ती १९८८ मध्येच.

१९२४ च्या जिरोच्या निकालात आजही ३० नावं आहेत. पहिलं नाव ज्युसेप्पे एन्रीची. ७२ नंबरवाल्या अल्फोन्सिनाचं नाव त्यात नाही.