थिबा राजा: ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा रत्नागिरीच्या समुद्रकिनारी 30 वर्षं का राहिला?

बुलढाण्या-अकोल्याकडून कोकणात सहलीला जाणारे रत्नागिरीचा 'थिबा पॉइंट' सहसा चुकवत नाहीत. खाली भाट्याची खाडी, पुढे समुद्र आणि मावळता सूर्य. पण ज्याचं नाव या जागेला मिळालं, तो राजा इथे स्वतःहून आला नव्हता.

थिबाचा जन्म 1859 चा. वडील मिंडॉन यांच्यानंतर 1878 मध्ये, वयाच्या 19 व्या वर्षी तो मंडालेच्या गादीवर बसला. पाठोपाठ राजघराण्यातल्या अनेकांची कत्तल झाली. हा डाग त्याच्या नावावरून कधीच पुसला गेला नाही.

राज्य गेलं कसं?

निमित्त ठरलं सागवान. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन या ब्रिटिश कंपनीने लाकूडतोड कमी दाखवून महसूल बुडवल्याचा ठपका ठेवत थिबाच्या दरबाराने तिला जबर दंड ठोठावला. थिबाची फ्रान्सशी वाढती जवळीकही ब्रिटिशांना खुपत होती. नोव्हेंबर 1885 मध्ये ब्रिटिश फौज आली आणि काही दिवसांतच मंडाले पडलं. थिबा, राणी सुपायालत आणि कुटुंबाला आधी मद्रासला नेण्यात आलं. एप्रिल 1886 मध्ये त्यांना रत्नागिरीत आणलं.

रत्नागिरीच का?

तेव्हा तिथे रेल्वे नव्हती. ये-जा मुख्यतः बोटीने आणि पावसाळ्यात तीही बंद. ब्रह्मदेशातल्या समर्थकांना इथवर पोहोचणं जवळपास अशक्य होतं. म्हणजे समुद्र हीच तुरुंगाची भिंत!

बेड्या नव्हत्या, पण परवानगीशिवाय कुठे जाता येत नव्हतं. सरकारी भत्ता पुरत नव्हता, त्यामुळे सोबत आणलेले दागिने विकले जात होते. आज दिसणारा थिबा पॅलेस 1910 मध्ये तयार झाला, म्हणजे निम्म्याहून जास्त वनवास आधीच सरला होता. डिसेंबर 1916 मध्ये थिबाचं रत्नागिरीतच निधन झालं. त्याची समाधीही इथेच आहे.

मुलींचं काय झालं?

शिक्षेची सगळ्यात मोठी किंमत चार राजकन्यांनी मोजली. वडिलांचं राज्य गेलं तेव्हा थोरली जेमतेम पाच वर्षांची होती. धाकटीचा तर जन्मच रत्नागिरीतला. 1919 मध्ये कुटुंबाला ब्रह्मदेशात परतता आलं. पण थोरली पुन्हा रत्नागिरीला आली. राजवाड्यात नोकरीला असलेल्या गोपाळ सावंत यांच्यापासून तिला मुलगी झाली होती. तिचे शेवटचे दिवस गरिबीत गेले. तिची मुलगी तुतू रत्नागिरीतच मराठी बोलत वाढली आणि तिथेच तिने संसार केला.

2012 मध्ये म्यानमारचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन थिबाच्या समाधीवर येऊन गेले. राजाला मायदेशी परतता आलं नाही, पण त्याच्या देशाने त्याला शोधत रत्नागिरी गाठली.